कोल्हापूरला प्रोफेशनल टीमसाठी फुटबॉलचं वेगळं स्टेडियम, हिशोब बसतो का?

पेठेतला_लेफ्टविंग

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारूनच टाकतो. कोल्हापूरची एक प्रोफेशनल टीम उभी करायची, आधी स्टेट लीग, मग आय-लीग ३ (देशपातळीवरची खालची लीग) असं एकेक पायरी चढवायची आणि तिच्यासाठी फुटबॉलचंच स्टेडियम बांधायचं, हे खरंच जमण्यासारखं आहे का? भावनेचं उत्तर मला माहीत आहे, आमच्याकडं कुणालाही विचारा तो हो म्हणणार. मला आकडेमोडीचं उत्तर पाहिजे.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. इथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी अशा टीमा. शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू झाली की दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून माणसं मॅचला येतात, आणि पाटाकडील-शिवाजी असली तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. बाहेरचे स्टार नाहीत, मोठा ब्रँड नाही, तरी ही गर्दी. अनिकेत जाधव इथलाच, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन विमेन्स लीग खेळून आल्या. म्हणजे पोरं आहेत, पोरी आहेत, बघणारे आहेत. वरच्या लेव्हलला टिकून राहणारी पुरुषांची टीम आणि लायसन्सच्या नियमांत बसणारं मैदान, एवढंच नाही.

माझ्या डोक्यात २५ हजारांचं, शेंडा पार्ककडं नाहीतर हायवेच्या बाजूला कुठंतरी, असं आहे. आम्ही काही जण मिळून एक नीट टिपण तयार करतोय, ते उद्या कुणापुढं ठेवलं आणि त्यानं दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता आलं पाहिजे. किती मोठं पाहिजे, जागा कुठं, पैसे कुणाचे, का आहे तेच शाहू स्टेडियम सुधारावं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

सळई_आणि_सिमेंट

मी सिव्हिलवाला. शेड, शाळांची मैदानं आणि एका गॅलरीचं काम हातून झालंय, त्या अनुभवावर सांगतो. आधी २५ हजार हा आकडा सोडा, तो क्रिकेटवरून आलेला आहे.

मैदान १०५ बाय ६८ मीटर. बाजूला पळायची जागा, बेंच, जाहिरातीचे बोर्ड धरून १२५ बाय ८५ पकडा. आता गॅलरी. एका माणसाला अर्धा मीटर रुंदी, एका ओळीला ८० सेंटिमीटर खोली. लांब बाजूला १०५ मीटरमध्ये २१० जण बसतील पण जिने आणि वाटा काढून १८० च उरतात, २० ओळी केल्या तर ३६००, दोन्ही बाजूंचे ७२००. गोलमागं ६८ मीटरमध्ये वाटा सोडून ११५, २० ओळींचे २३००, दोन्हीकडचे ४६००. टोटल ११,८००. म्हणजे दुसरा मजला न चढवता जवळपास १२ हजार लोक बसतात, आणि लांब बाजूच्या शेवटच्या ओळीतला माणूससुद्धा टचलाईनपासून २५ मीटरच्या आत असतो. फुटबॉलला हेच पाहिजे, शिट्टी आणि प्लेअरचा आवाज वरपर्यंत ऐकू आला पाहिजे.

बाहेरचं माप साधारण १५७ बाय ११७ येतं, म्हणजे साडेचार एकर. भोवती ॲम्ब्युलन्स आणि बंब फिरेल एवढा रस्ता, गेटबाहेर लोक थांबायला मोकळी जागा, टू-व्हीलर पार्किंग, हे सगळं धरून १० ते १२ एकर लागतील. २५ हजार म्हटलं की वरचा टियर, उंच कॉलम, रॅम्प, मोठं फाउंडेशन, आणि खर्च दुप्पट न होता त्याच्याही पुढं जातो.

दोन गोष्टी टिपणात ठळक लिहा. एक, पूररेषा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता हे आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं हायवेच्या बाजूला म्हणताना नक्की कुठल्या बाजूला ते आधी नकाशावर बघा. निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराच्या) आत तर नावच काढू नका, आणि तांबड्या रेषेच्या (मोठ्या पुराच्या) आत स्वस्त मिळतेय म्हणून घेतलेली जागा भरावातच सगळे पैसे खाईल. दुसरी, ॲथलेटिक्सचा ट्रॅक. सरकारी निधी मागायला गेलात की कुणीतरी म्हणणारच, एवढी जागा आहे तर ४०० मीटरचा ट्रॅकपण करूया. तिथंच घोटाळा होतो. ट्रॅक आला की प्रेक्षक लांब गेला. तिकडं इटलीत युव्हेंटसनं १९९० च्या वर्ल्डकपसाठी बांधलेलं ट्रॅकवालं मोठं स्टेडियम पाडून त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं लहान बांधलं, कारण आधीच्यात लोक लांब बसायचे आणि ते भरायचंच नाही. बंगळुरूत कांतीरवावर ॲथलीट लोक आणि फुटबॉलवाले यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. ॲथलीटांनाही मैदान पाहिजेच, पण ते त्यांचं वेगळं द्या.

आणि टप्प्याटप्प्यानं बांधा. आधी मैदान, खालचा ड्रेनेज, एक लांब बाजूची गॅलरी आणि तिच्याखाली ड्रेसिंग रूम. बाकी तीन बाजूंचं फाउंडेशन आणि लेव्हल आधीच ठरवून ठेवायची. फ्लडलाईटचे खांब नंतर लावा पण त्यांचे पाये आणि केबलचे डक्ट पहिल्याच टप्प्यात टाका, टीव्हीच्या मॅचला हजार-बाराशे लक्स उजेड लागतो, त्या लोडचा ट्रान्सफॉर्मर कुठं बसणार हे आत्ताच ड्रॉइंगवर पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी तयार मैदान उकरावं लागतं.

मंगळवारपेठ_जुना

पोरांनो चांगला विषय काढलासा. पण एक इचारतो, ह्या नव्या टीमसाठी वरडणार कोण?

आमच्याकडं माणूस कोल्हापूरचा म्हणून मॅचला जात न्हाई, तो पेठेचा म्हणून जातो. आज्जा त्याच तालमीत, बाप त्याच तालमीत, टीमचा झेंडा घरात गुढीच्या काठीशेजारी ठेवलेला. उद्या एक कंपनी आली, नाव ठेवलं कोल्हापूर अमुकतमुक एफसी, दहा प्लेअर बाहेरचे, तर पहिल्या मॅचला सगळं गाव जाईल आणि चौथ्या मॅचला निम्मं पण येणार न्हाई. टीम करायची तर सगळ्या तालमींना भागीदार करून घ्या. प्रत्येक तालमीची पोरं टीममध्ये दिसली पायजेत, आमच्या पेठेचा पोरगा शिवाजीवाल्याच्या पोराला पास देतोय हे लोकांनी एका जागी बसून बघितलं पायजे. ते जमलं तर १२ हजार काय, भिंतीवर चढून बघतील.

जागा पण लई लांब नको. आत्ता माणूस काम उरकून चालत नाहीतर गाडीवर दहा मिनिटांत मैदानात असतो, म्हणून मधल्या वारी दुपारी पण गर्दी हाय. शहराबाहेर सात-आठ किलोमीटर नेलं की ही गर्दी रविवारपुरती राहील.

आणि हुल्लडबाजीचं पण लिवा, ते लपवून चालणार न्हाई. दोन टीमांच्या पोरांची दगडफेक, मारामारी, मग पोलीस बंदोबस्त, मग स्पर्धाच थांबवायची, हे आम्ही किती बघायचं. खेळणाऱ्या पोरांचा सीझन जातो त्यात. नवं बांधतायसा तर दोन्हीकडच्या समर्थकांची गेटं वेगवेगळ्या रस्त्यावर काढा, आत पण मधे रिकामा पट्टा ठेवा, आणि सुटल्यावर दोघांची गाठ एकाच चौकात पडणार न्हाई असं बघा.

पेठेतला_लेफ्टविंग

काका, तालमींना भागीदार करायचं हे आमच्या टिपणात नव्हतंच, घालतो. सळईभाऊ, तुमची आकडेमोड जशीच्या तशी घेतो, २५ हजार कापले. आता पैशाचं कुणीतरी सांगा. कर्ज काढून बांधलं आणि तिकिटातून, दुकानांच्या भाड्यातून फेडलं असं होऊ शकतं का?

अंधेरी_नॉर्थस्टँड

नाही होऊ शकत. आधी फक्त तिकीट धरून बघ. १२ टीमची लीग असेल तर घरच्या मॅच ११. सरासरी ८ हजार माणूस धर, जे आय-लीगच्या मानाने खूप झालं, आणि तिकीट सरसकट १०० रुपये. ११ गुणिले ८००० गुणिले १००, झाले ८८ लाख. पूर्ण सीझनचे. आता सीटमागे ३० हजार रुपये बांधकाम धरू, हे मी मुद्दाम कमी धरतोय, जागा फुकट मिळाली असंही धरू, तरी १२ हजार सीटचे ३६ कोटी. त्यावर ९ टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला ३ कोटी २४ लाख. मुद्दल राहिलं बाजूला, आणि अजून माळी, वीज, सिक्युरिटी, पोलिसांचा बंदोबस्त, प्लेअरचे पगार यातलं काहीच धरलेलं नाही. दुकानांचं भाडं घालून हा खड्डा भरत नाही. त्यामुळे बांधकामाचा पैसा हा परत न मागितला जाणारा पैसाच पाहिजे, म्हणजे सरकारी अनुदान, सीएसआर, देणगी. क्लबनं फक्त चालवायचा खर्च उचलायचा. तेवढंच जमलं तरी खूप मोठी गोष्ट आहे.

मुंबईचं उदाहरण घे. मुंबई सिटी आयएसएलची, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची, शील्ड आणि कप दोन्ही जिंकलेली टीम, पण घर काय तर अंधेरीचं सात-आठ हजारांचं मैदान, तेही स्वतःचं नाही. २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग खेळायची वेळ आली तेव्हा घरच्या मॅच पुण्याला बालेवाडीत न्याव्या लागल्या, आणि अल हिलालची मॅच नेरुळला डी वाय पाटीलवर झाली. त्या दिवशी तिकडे ३० हजारांच्या वर लोक होते, नेमार इंज्युरीमुळे आला नव्हता तरी. म्हणजे एका रात्रीसाठी मुंबईत ३० हजार मिळतात, पण दर पंधरवड्याला नाही मिळत. मी अंधेरीला नेमाने जाणारा माणूस आहे, आणि मनापासून सांगतो, सात हजारांचं भरलेलं मैदान जे अंगावर काटा आणतं ते अर्ध्या रिकाम्या मोठ्या स्टेडियममध्ये कधीच मिळालं नाही.

टीम टिकेल याचीही गॅरंटी धरू नका. पुण्याला एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाली, २०१९ ला बंद, जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसी आय-लीगमध्ये नऊ सीझन खेळून २०१७ ला खाली गेली आणि संपली. वरची लीगसुद्धा पक्की नाही, २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा सीझनच होल्डवर टाकला होता कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा २०१० चा १५ वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. म्हणून ज्या स्टेडियमचा सगळा हिशोब एकाच टीमवर उभा आहे ते बांधू नका. टीम गेली तरी मैदान चालू राहिलं पाहिजे अशी सोय आधी करा.

मडगावचा_प्रेक्षक

वरच्या शेवटच्या मुद्द्याला आमचं फातोर्डा हेच उत्तर आहे. १९८९ पासून उभं आहे, सरकारचं आहे, साधारण १९ हजारांचं. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, चर्चिल ब्रदर्स, सगळ्यांच्या मॅच आम्ही तिथेच बघितल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा गोव्यात सगळ्यांना धक्का बसला होता, पण तोवर एफसी गोवा आलेली होती. २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी आणि २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपसाठी सरकारने डागडुजी केली, २०२०-२१ चा आख्खा आयएसएल करोनात गोव्यातच झाला त्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान वापरलं. एक क्लब गेला तर दुसरा आला, मैदान रिकामं राहिलं नाही.

तुमच्याकडे तर एवढे क्लब आधीच आहेत. पण गवताचं बघा. चांगलं नैसर्गिक गवत रोज दोन मॅच सोसत नाही, गोलपुढची माती आठवड्याभरात उघडी पडते. एकाच मैदानावर केएसएची लीग, नॉकआऊट स्पर्धा आणि प्रोफेशनल टीम सगळं खेळवायचं म्हटलं तर सीझन अर्ध्यावर येईपर्यंत तिथे धूळ उडेल. म्हणून मुख्य मैदानाला लागून एक आर्टिफिशियल टर्फचं सरावाचं मैदान घ्या, गर्दीचा सगळा भार त्याच्यावर टाका. ते टर्फपण आठ-दहा वर्षांत बदलावं लागतं, त्याचे पैसे दरवर्षी बाजूला काढायला सुरुवात करा.

मुलीची_आई_राजारामपुरी

माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये खेळते. सगळे गेट, गॅलरी, लाईट यावर बोलताय, मला एवढंच लिहायचंय की बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आणि बसायला सुरक्षित भाग हे पहिल्या टप्प्यातच पाहिजे, नंतर बघू म्हटलं की ते कधीच होत नाही. मुलीच्या मॅचला मी पाणी कमी पिऊन जाते, बऱ्याच मैदानांवर हीच अवस्था आहे. मॅच बघायला आम्हालाही आवडतं. एका घरातून बाप आणि मुलगा एवढेच येतात तिथे आई आणि मुलगी पण आली तर तुमचे ते आठ हजार लवकर होतील. आणि ड्रेसिंग रूम दोनच्या ऐवजी चार करा, मुलींची मॅच आधी आणि पुरुषांची नंतर अशी एकाच तिकिटात ठेवता येईल.

क्यू_ब्रिजवरून

मूळचा कोल्हापूरचा, आता पश्चिम लंडनमध्ये राहतो, ब्रेंटफर्डच्या मैदानाजवळ. प्रीमियर लीगची टीम, तरी २०२० मध्ये बांधलेलं नवं स्टेडियम १७,२५० चं. रेल्वे लाईनींच्या मधल्या त्रिकोणी तुकड्यात बसवलंय, पार्किंग जवळजवळ नाहीच, लोक ट्रेननं आणि चालत येतात. पैसा कसा आला तर आजूबाजूला शेकडो फ्लॅट बांधले त्यातून मोठा आधार मिळाला. आणि सुरुवातीला रग्बीच्या क्लबलाही तेच मैदान वापरायला दिलं होतं, तो क्लब २०२३ मध्ये बुडाला ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडं फ्लॅटचं मॉडेल मला धोक्याचं वाटतं. खेळाच्या नावावर जागा मिळवायची, आधी फ्लॅट विकायचे आणि मैदान राहून जातं. तो मार्ग घेतलाच तर मैदान पूर्ण झाल्याशिवाय एकाही फ्लॅटला ताबा नाही अशी अट कागदावर पाहिजे.

मला जास्त जवळचं उदाहरण केरळातलं मलप्पुरम वाटतं. तिथंही गावागावात सेव्हन्स (सात-सात जणांचा फुटबॉल), तिथंही मोठ्या लीगशिवाय गर्दी. जिल्ह्यातल्या मंजेरीला पय्यनाडचं स्टेडियम झालं, २०२२ ची संतोष ट्रॉफी फायनल केरळ-बंगाल तिथंच झाली आणि ते तुडुंब भरलं होतं, आता सुपर लीग केरळमधली मलप्पुरम एफसी तिथं खेळते. राज्याची लीग उभी राहिली तेव्हा मैदानाला कायमचा भाडेकरू मिळाला. पण २०२२ च्याच मार्चमध्ये त्याच जिल्ह्यात सेव्हन्सच्या मॅचला तात्पुरती गॅलरी कोसळून खूप लोक जखमी झाले होते. त्यामुळं पैसे कमी पडले म्हणून बांबूच्या गॅलरीवर गर्दी बसवायचा विचार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

पेठेतला_लेफ्टविंग

सगळ्यांचे मनापासून आभार, एका धाग्यात एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आता टिपण असं बदलतोय: १२ हजार, फक्त फुटबॉल, चार टप्पे, बाजूला टर्फचं मैदान, चार ड्रेसिंग रूम, बायकांची सोय आणि दोन वेगळी गेटं पहिल्याच टप्प्यात, बांधकामाला कर्ज नाही, टीममध्ये तालमींचा हिस्सा. आणि टीम आधी, स्टेडियम नंतर. पहिली दोन-तीन वर्षं टीम आहे त्या मैदानावर खेळेल, गर्दी दर मॅचला मोजून ठेवायची, तोच आकडा घेऊन अनुदान मागायला जायचं.

एक अडतंय. १२ एकर सलग, पूररेषेच्या बाहेर, आणि काका म्हणतात तसं दहा मिनिटांच्या अंतरावर, अशी जागा शहरात मला तरी दिसत नाही.

सळई_आणि_सिमेंट

१२ एकर हे मी टर्फचं दुसरं मैदान न धरता म्हटलं होतं, त्याला अजून अडीच एकर लागतील. पण दोन्ही एकाच ठिकाणी पाहिजेत असं काही नाही, टर्फ शहरात कुठल्या तरी शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मैदानावर त्यांच्याशी करार करून होऊ शकतं, त्यांची पोरंपण खेळतील. मुख्य जागेसाठी आधी सरकारी आणि गायरान जमिनींची यादी काढा, शेंडा पार्ककडं मागणारे बरेच आहेत त्यामुळं तेवढ्या एकावर अडून बसू नका. यादी झाली की गट नंबर इथं टाका, पूररेषेचा नकाशा आणि कंटूर माझ्याकडं आहेत, मी एकेक ताडून सांगतो. ज्या प्लॉटला १२ मीटरपेक्षा अरुंद एकच रस्ता आहे तो आधीच गाळा, सुटताना १२ हजार माणूस त्यातून काढता येणार नाही.

मंगळवारपेठ_जुना

तालमींच्या लोकांना एकत्र बसवायचं माझ्याकडं लागलं. पण सीझन सुरू व्हायच्या आधी बसूया, एकदा लीग लागली की कोण कुणाच्या शेजारी बसणार न्हाई.